ताब्याचा हुकूमनामा आणि दारातील तिसरा इसम

भाड्याने दिलेली जागा परत मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढलेल्या माणसाला काही वर्षांनी निकाल मिळतो. दावा मंजूर होतो, हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल हाती पडते आणि आपले काम झाले असे त्यास वाटते. त्यानंतर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल होते, ताब्याचे वॉरंट निघते आणि ठरलेल्या दिवशी न्यायालयाचा बेलिफ दोन पंचांना सोबत घेऊन जागेवर जातो. दार उघडते, परंतु आत भाडेकरू नसतो, दुसराच कोणी असतो. "ज्याच्याविरुद्ध तुमचा कागद आहे तो मी नव्हे. माझे नाव यात कोठे आहे?" असे तो विचारतो. बेलिफ तसा अहवाल लिहितो, वॉरंट बजावणीविना परत जाते, आणि घरमालकाला वाटते की सारे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

हा अनुभव नवा नाही. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरू होतात, असे निरीक्षण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली नोंदविले होते. दीडशे वर्षांनंतरही परिस्थिती फारशी पालटलेली नाही. देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांत आठ लाखांहून अधिक दरखास्ती प्रलंबित असल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि त्या न्यायालयाने याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. या दरखास्ती अर्थातच सर्व प्रकारच्या आहेत. परंतु जागेच्या ताब्याची दरखास्त ज्या कारणांनी अडते त्यांमध्ये हा दारातील तिसरा इसम ठळकपणे दिसून येतो.

त्याच्यासंबंधी दोन टोकाचे गैरसमज प्रचलित आहेत. हुकूमनाम्यात नाव नाही म्हणजे आपल्याला कोणी हात लावू शकत नाही, हा पहिला. आणि न्यायालयाचा हुकूम आहे म्हणजे आत असेल त्याला बाहेर काढता येते, हा दुसरा. कायदा या दोन्हींपैकी एकही गोष्ट मान्य करीत नाही. कायद्याचा प्रश्न असा असतो : हा माणूस या जागेत कोणाच्या हक्काने आला आणि केव्हा आला? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढील मार्ग बहुतांशी स्पष्ट होतो.

एक गाळा, चार उत्तरे

विषय सुलभ व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एका निवृत्त शिक्षकाचा बाजारपेठेत एक गाळा आहे. तो त्यांनी एका शिंप्यास भाड्याने दिला. पुढे मुलाला धंदा काढून देण्यासाठी गाळ्याची गरज निर्माण झाली. भाडेकरू जागा सोडीना, म्हणून दावा झाला आणि हुकूमनामा मिळाला. बेलिफ गेला तेव्हा गाळ्यात सायकल दुरुस्तीचे दुकान चालू होते. दुकानदाराने हरकत घेतली. त्याच्या हरकतीस चार प्रकारची उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर : "शिंप्याने मला हा गाळा पोटभाड्याने दिला आहे." दुसरे उत्तर : "दावा चालू असताना शिंप्याने मोबदला घेऊन ही जागा माझ्या हवाली केली." तिसरे उत्तर : "मी शिंप्याचा भाऊ आहे; आमच्या वडिलांच्या वेळेपासून जागा आमच्याकडे आहे." चौथे उत्तर : "माझा शिंप्याशी संबंध नाही. मालकांनी स्वतःच मला जागा दिली व माझ्याकडून भाडे घेतले. या पावत्या पाहा." ताबा चौघांचाही सारखाच प्रत्यक्ष आहे आणि चौघांचीही नावे हुकूमनाम्यात नाहीत. तरीही कायद्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती एक नाही.

भाडेकरूच्या हक्कावर उभा असलेला

पोटभाडेकरूचा हक्क भाडेकरूच्या हक्कातून निर्माण होतो. मूळ हक्क संपुष्टात आला की त्यावर आधारलेला हक्कही सामान्यतः टिकत नाही. म्हणून भाडेकरूविरुद्ध झालेला ताब्याचा हुकूमनामा पोटभाडेकरूवरही बंधनकारक असतो, मग त्यास दाव्यात प्रतिवादी केलेले असो वा नसो. रूपचंद गुप्ता विरुद्ध रघुवंशी प्रायव्हेट लिमिटेड या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हे तत्त्व स्पष्ट केले. पोटभाडेकरू हा अशा दाव्यात योग्य पक्षकार असू शकेल. परंतु त्याच्यावाचून दावा चालूच शकत नाही, असा आवश्यक पक्षकार तो नव्हे. भाडेकरूने केवळ परवानगीने ठेवलेला माणूस, नोकर, पाहुणा अथवा भागीदार यांची स्थिती तर याहूनही दुर्बल असते.

या नियमास दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. पहिला संगनमताचा. घरमालक व भाडेकरू यांनी आपसांत ठरवून केवळ पोटभाडेकरूस बाहेर काढण्यासाठी लटका दावा लढविला असेल, तर असा हुकूमनामा त्यास बांधू शकत नाही. मात्र संगनमताचा नुसता आरोप पुरेसा नसतो. तो पुराव्याने शाबीत करावा लागतो. त्याचप्रमाणे भाडेकरूने आपल्या मर्जीने भाडेपट्टा मालकास परत केला, तर आधी कायदेशीरपणे दिलेल्या पोटपट्ट्यास त्यामुळे बाध येत नाही, अशी तरतूद मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११५ मध्ये आहे.

दुसरा अपवाद भाडे नियंत्रण कायद्याने दिलेल्या संरक्षणाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा दिनांक ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्याच्या कलम २६ नुसार भाडेकरूस मालकाच्या संमतीवाचून जागा पोटभाड्याने देता येत नाही. आणि बेकायदा पोटभाडे हे कलम १६ खाली ताबा मागण्याचे एक कारण आहे. परंतु कलम २५ असे सांगते की, अधिनियम सुरू झाला त्या दिवशी कायदेशीर पोटभाडे अस्तित्वात असेल, अथवा मालक व भाडेकरू यांच्यातील कराराने पोटभाड्यास परवानगी असेल, तर मूळ भाडेकरूचा हक्क संपल्यावर तो पोटभाडेकरू स्वतःच मालकाचा भाडेकरू समजला जातो. तसेच १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमात १९७३ साली झालेल्या सुधारणेने, दिनांक १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला होता. जुन्या वस्तीच्या शहरांत आजही या तारखेवरून वाद होतात. म्हणूनच अशा जागेतील इसमाने जुन्या पावत्या, करार, दुकान परवाना, वीज देयके वा शिधापत्रिका दाखविली, तर तिची उपेक्षा करून चालत नाही.

दावा चालू असताना आलेला

दुसऱ्या उत्तरातील इसमाची बाजू सर्वांत लंगडी आहे. दावा प्रलंबित असताना एका पक्षकाराने मालमत्तेचा व्यवहार करून दुसऱ्या पक्षकाराच्या हक्कास धक्का लावू नये, हे तत्त्व मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये सांगितले आहे. ते नसते तर कोणताही दावा कधीच संपला नसता. निकालाच्या आदल्या दिवशी जागा दुसऱ्याच्या हवाली करून प्रत्येक भाडेकरू मोकळा झाला असता. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ मधील नियम १०२ याच कारणासाठी आहे. दावा दाखल झाल्यानंतर निर्णीत ऋणीकडून, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्याच्याकडून, ज्याने जागा घेतली त्यास अंमलबजावणीस अडथळा करण्याचा आधार हा नियम ठेवीत नाही. उषा सिन्हा विरुद्ध दीना राम या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले.

हा नियम सर्वसामान्य नागरिकाने विशेष ध्यानात ठेवावयास हवा. पागडी अथवा मोठी अनामत देऊन जागा घेणारा माणूस अनेकदा खरोखरच अनभिज्ञ असतो. भाडेकरू त्याला दाव्याविषयी अवाक्षर सांगत नाही. पुढे बेलिफ आल्यावर त्याचा व्यवसायही जातो आणि पैसाही अडकतो. भाडेकरूकडून आपली रक्कम परत मागण्याचा मार्ग त्यास असतो. परंतु जागा राखण्याचा मार्ग नसतो. म्हणून कोणतीही व्यापलेली जागा घेण्यापूर्वी मालकास प्रत्यक्ष भेटून लेखी संमती घेणे आणि जागेसंबंधी दावा चालू आहे काय याची न्यायालयात चौकशी करणे हे शहाणपणाचे ठरते.

कुटुंबीय आणि वारस

तिसरे उत्तर भावनेला हात घालणारे असते. भाडेकरू मरण पावतो, त्याच्या एका मुलाच्या नावाने भाडे दिले जाते, त्याच्याविरुद्धच दावा होतो, आणि वॉरंटाच्या वेळी दुसरा भाऊ अथवा बहीण पुढे येते. भाडेकरूचे वारस हे संयुक्त भाडेकरू होत, प्रत्येकाचा निराळा भाडेपट्टा निर्माण होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एच. सी. पांडे विरुद्ध जी. सी. पॉल या प्रकरणात १९८९ साली दिला. सुरेशकुमार कोहली विरुद्ध राकेश जैन या प्रकरणात २०१८ साली तोच विचार कायम राहिला. एका संयुक्त भाडेकरूविरुद्ध झालेला हुकूम इतरांसही बांधतो. महाराष्ट्रात मात्र राहत्या जागेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. भाडेकरूच्या मृत्युसमयी त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयास १९९९ च्या अधिनियमातील कलम ७(१५) प्रमाणे भाडेकरूचा दर्जा मिळतो. दावा चुकीच्या वारसाविरुद्ध झाला असेल, तर पुढे अडचण उद्भवू शकते.

टाकून दिलेल्या पत्नीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नवरा घर सोडून निघून जातो, भाडे थकवितो, दाव्यात हजर राहत नाही. आणि मुलाबाळांसह ती तेथेच असते. बी. पी. अचला आनंद विरुद्ध एस. आप्पी रेड्डी या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, भाडेकरू असलेल्या पतीने टाकलेली पत्नी त्या घरात राहत असेल, तर तिला ताब्याच्या दाव्यात पतीच्या जागी उभे राहून बचाव करता येतो. मात्र पतीला जे बचाव उपलब्ध होते तेच तिला उपलब्ध असतात. त्याहून अधिक हक्क तिला मिळत नाही. शिवाय हा अधिकार पत्नी या नात्याशी बांधलेला आहे. त्या प्रकरणात घटस्फोट झालेला होता आणि निवासाची तरतूद झालेली नव्हती, म्हणून त्या स्त्रीस जागेत राहण्याचा हक्क मान्य झाला नाही. यातून घ्यावयाचा बोध असा की, अशा स्त्रीने वॉरंट येईपर्यंत वाट पाहू नये. दाव्याची नोटीस घरी आली त्याच वेळी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना विनामूल्य कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे.

स्वतंत्र हक्क सांगणारा

चौथ्या उत्तरातील इसमाचा दावा खरा असेल, तर त्याचा हक्क शिंप्याच्या हक्कातून आलेलाच नाही. तो थेट मालकाकडून आला आहे. म्हणून शिंप्याविरुद्धचा हुकूमनामा त्यास बांधू शकत नाही. जागेचा सहमालक, गहाणदार अथवा भाडेपट्ट्यापूर्वीपासून स्वतःच्या हक्काने ताब्यात असलेला इसम यांचेही असेच असते. अशा माणसास न ऐकता बाहेर काढणे हा अन्याय होय. हुकूमनाम्याने न बांधलेल्या आणि जागेत राहण्यास हक्कदार असलेल्या इसमाच्या बाबतीत नियम ३६ निराळी पद्धत सांगतो. वॉरंटाची प्रत जागेवर ठळक ठिकाणी लावून आणि दवंडी अथवा रूढ रीतीने हुकूमनाम्याचा आशय जाहीर करून केवळ कागदोपत्री ताबा दिला जातो. प्रत्यक्ष राहणाऱ्यास हलविले जात नाही.

परंतु खरे उत्तर आणि शिकवलेले उत्तर यांतील भेद ओळखणे अवघड असते. पराभूत भाडेकरू कधी आपलाच माणूस पुढे करतो आणि त्याच्या तोंडून स्वतंत्र हक्काची भाषा वदवितो. हा निवाडा कोणी करावयाचा? बेलिफाने नव्हे, पोलिसांनी नव्हे आणि गावातील प्रतिष्ठितांनीही नव्हे. तो दरखास्त चालविणाऱ्या न्यायालयानेच करावयाचा असतो.

अडथळ्याची चौकशी

अडथळा झाल्यास हुकूमनामाधारकास आदेश २१, नियम ९७ खाली अर्ज करता येतो. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात या अर्जास 'ऑब्स्ट्रक्शनिस्ट नोटीस' असे नाव रूढ आहे. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे हा अर्ज अडथळ्याच्या दिनांकापासून ३० दिवसांच्या आत करावयाचा असतो. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची एकूण मुदत १२ वर्षांची असली तरी या ३० दिवसांकडे दुर्लक्ष होऊ नये. जो इसम आधीच बाहेर काढला गेला आणि ज्याचा स्वतंत्र हक्काचा दावा आहे, त्याला नियम ९९ खाली दाद मागता येते. त्याचीही मुदत ३० दिवसांचीच आहे.

दिनांक १ फेब्रुवारी १९७७ पासून अंमलात आलेल्या १९७६ च्या सुधारणेपूर्वी ही चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असे. तीत हरलेल्या पक्षाला एका वर्षात स्वतंत्र दावा लावावा लागे आणि तोच वाद पुन्हा मुळापासून लढविला जाई. या सुधारणेने नियम १०१ चे स्वरूप पालटले. जागेसंबंधीचा हक्क, स्वामित्व वा हितसंबंध यांविषयी जे जे प्रश्न या अर्जाच्या निर्णयासाठी आवश्यक असतील, ते सर्व त्याच न्यायालयाने त्याच अर्जात निकालात काढावयाचे असतात. स्वतंत्र दाव्याची वाट आता नाही. आणि नियम १०३ नुसार या आदेशास हुकूमनाम्याचेच बळ असल्याने नाराज पक्षास त्याविरुद्ध अपील करता येते.

या तरतुदींचा तोल सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णयांत सांभाळला आहे. ब्रह्मदेव चौधरी विरुद्ध ऋषिकेश प्रसाद जयस्वाल या १९९७ च्या निर्णयात असे ठरले की, त्रयस्थ इसम स्वतंत्र हक्क सांगून अडथळा करीत असेल, तर आधी त्याचे म्हणणे ऐकून निर्णय द्यावा. त्या आधीच पोलीस मदतीचे नवे वॉरंट काढून त्यास बाहेर काढू नये. 'आधी बाहेर पड आणि मग दाद माग' ही रीत कायद्यास मान्य नाही. याउलट सिल्व्हरलाइन फोरम विरुद्ध राजीव ट्रस्ट या १९९८ च्या निर्णयाने बजाविले की, अडथळा करणाऱ्याने उपस्थित केलेल्या प्रत्येक प्रश्नाची सविस्तर चौकशी करण्याचे बंधन न्यायालयावर नाही. प्रश्न त्या पक्षांत कायदेशीरपणे उद्भवणारा आणि अर्जाच्या निर्णयास आवश्यक असावा लागतो. आवश्यक नसेल तेथे साक्षीपुराव्याचा घोळ न घालताही अर्ज निकालात काढता येतो.

अडथळा विनाकारण होता, अथवा तो भाडेकरूच्या चिथावणीने वा दाव्याच्या काळात जागा घेणाऱ्याने केला होता, असे आढळल्यास नियम ९८ प्रमाणे न्यायालय ताबा देवविते. त्यानंतरही अडथळा चालूच राहिला तर संबंधितास ३० दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो.

बेलिफ, पंच आणि पोलीस

ताबा देवविण्याचे काम प्रत्यक्षात ज्या माणसांच्या हातून होते, त्यांची भूमिका मर्यादित परंतु महत्त्वाची आहे. हुकूमनाम्याने बांधलेला इसम दार उघडीत नसेल, तर नियम ३५ प्रमाणे पुरेशी सूचना देऊन, आणि पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना बाहेर पडण्याची संधी देऊन, न्यायालयाच्या अधिकाऱ्यास कुलूप काढता वा दार तोडता येते. परंतु हक्क कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार बेलिफास नाही. हरकत आली की ती कोणी घेतली, कोणत्या आधारावर घेतली आणि कोणते कागद दाखविले, याची नोंद करून अहवाल न्यायालयास देणे हे त्याचे काम होय.

पंच म्हणून बोलावणे येते ते पुष्कळदा ग्रामपंचायत सदस्यांना, शिक्षकांना अथवा शेजारच्या व्यावसायिकांना. अशा वेळी कोऱ्या कागदावर वा घरी बसून सही करू नये. जागेवर उभे राहून जे डोळ्यांनी दिसले तेवढेच पंचनाम्यात यावे. जागेचा क्रमांक व चतुःसीमा, आत कोण होते, त्याने आपले नाव काय सांगितले, दर्शनी फलक कोणाच्या नावाचा होता, सामान कोणते होते, हरकतीचे शब्द कोणते होते, वेळ काय होती, हे सारे लिहिलेले असावे. महिन्या-दोन महिन्यांनी 'मी वीस वर्षांपासून येथे आहे' असे कोणी म्हणू लागल्यास हाच कागद न्यायालयास उपयोगी पडतो. फलकावरील एका नावाच्या नोंदीने एखाद्याची उपजीविका वाचते आणि एखाद्याचा खोटेपणा उघडा पडतो.

पोलिसांचा बंदोबस्त न्यायालयाच्या आदेशानेच मिळतो. घरमालकाने आपली माणसे घेऊन जाणे, रात्री कुलूप बदलणे, वीज वा पाणी तोडणे हे मार्ग बेकायदेशीर आहेत. अत्यावश्यक सोयी तोडण्यास १९९९ च्या अधिनियमातील कलम २९ ने मनाई केली आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या इसमास विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागता येतो. हाती हुकूमनामा असलेला मालक उतावीळपणे वागला, तर जिंकलेला दावा तो स्वतःच गुंतागुंतीचा करून ठेवतो.

दावा लावण्यापूर्वीच

दारातील अडथळ्याचा बंदोबस्त खरे तर दाव्याच्या पहिल्या दिवशी करावयाचा असतो. राहुल एस. शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांना यासंबंधी निर्देश दिले. ताब्याच्या दाव्यात त्रयस्थांचे हितसंबंध आहेत काय याची पक्षकारांकडून माहिती घ्यावी, आवश्यक तेथे आयुक्त नेमून जागेचे अचूक वर्णन व स्थिती नोंदवावी, संबंधितांना पक्षकार करावे, आणि दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत निकालात काढावी. विलंब झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत, असा त्यांचा आशय आहे. पेरियम्मल विरुद्ध व्ही. राजामणी या मार्च २०२५ च्या निर्णयात सहा महिन्यांच्या या मुदतीचा पुनरुच्चार झाला.

मालकाने आपल्या बाजूने काही दक्षता घ्यावयास हव्यात. जागेत प्रत्यक्ष कोण आहे हे वेळोवेळी पाहावे. दुसरा कोणी आढळल्यास लगेच लेखी हरकत घ्यावी. दावा लावताना त्यास प्रतिवादी करावे. कायद्याने ते आवश्यक नसले तरी व्यवहारात त्यामुळे पुढची काही वर्षे वाचतात. भाडेकरूने दाव्याच्या काळात जागा कोणाच्या हवाली करू नये यासाठी मनाई हुकूम मागावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भाडे भाडेकरूकडूनच घ्यावे, पावतीही त्याच्याच नावे द्यावी. 'पैसे मिळाल्याशी कारण' असे म्हणून पोटभाडेकरूकडून परस्पर भाडे घेणारा मालक आपल्याच हाताने चौथ्या उत्तराचा पुरावा निर्माण करतो. जागेचा करार लेखी व नोंदणीकृत असावा हे १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे.

पंचायतीचे गाळे

हीच दक्षता सार्वजनिक मालकीच्या जागांनाही लागू पडते. ग्रामपंचायतीने बांधलेला गाळा एकाने घ्यावयाचा आणि दुसऱ्याने चालवावयाचा, हे चित्र बाजारगावी अपरिचित नाही. शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण अधिनियम कलम ३ नुसार लागू होत नाही. म्हणून त्यातील संरक्षणाचा आधार अशा गाळेधारकास घेता येत नाही. परंतु याचा अर्थ पंचायतीने त्यास वाटेल तेव्हा उचलून बाहेर ठेवावे असा नव्हे. करार, नोटीस आणि कायदेशीर प्रक्रिया यांतूनच जावे लागते. केंद्र शासनाच्या जागांसंबंधीच्या १९७१ च्या सार्वजनिक जागा अधिनियमात नोटीस प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व हितसंबंध सांगणाऱ्या सर्वांना उद्देशून काढावयाची असते. तो अधिनियम पंचायतींना लागू नसला तरी त्यातील रीत अनुकरणीय आहे. मूळ गाळेधारकासह प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यासही नोटीस दिली, की 'मला कळविलेच नाही' ही तक्रार उरत नाही.

पंचायतीने वर्षातून एकदा प्रत्येक गाळ्याची पाहणी करून चालविणाऱ्याचे नाव नोंदवावे. वसुली करणाऱ्या कर्मचाऱ्याने जो पैसे देईल त्याच्या नावे पावती फाडू नये. एखाद्या गाळ्यात पोटभाडे आढळले, तर ते ग्रामसभेत चर्चेचा विषय होण्याआधी लेखी ठरावाचा विषय व्हावा.

निवृत्त शिक्षकाच्या गाळ्याकडे शेवटी पुन्हा वळू. मुलाचे भवितव्य त्या चार भिंतींशी बांधले गेले आहे. आणि सायकल दुरुस्त करणाऱ्याचीही रोजची भाकर तेथेच आहे. दोघांपैकी कोणाची बाजू न्याय्य आहे हे गाळ्याच्या दारात उभे राहून कोणालाही सांगता येणार नाही. दुकानदार शिंप्याच्या हक्काने बसला असेल, तर त्याला जावे लागेल. मालकाच्या हक्काने बसला असेल, तर मालकाला त्याच्याविरुद्ध योग्य तो दावा लावावा लागेल. हे ठरविण्यासाठी कायद्याने एकच अर्ज, एकच न्यायालय आणि एकच चौकशी ठेवली आहे. त्या चौकशीपुढे दोघांनीही आपापले कागद वेळेत ठेवावेत, आणि पंच, शिक्षक, सदस्य व अधिकारी यांनी आपल्या नोंदी प्रामाणिक ठेवाव्यात. असे झाले तर हुकूमनाम्याचा मानही राहील आणि त्या हुकूमनाम्याखाली निरपराध माणूस चिरडलाही जाणार नाही.